पिवळ्या झेंड्याखाली

आजोबांचं खेचर
काकवीच्या घाण्याभोवती डावीकडेच वळायचं.
विकलं, तेव्हा नवा मालक तक्रार घेऊन आला:
सरळ रस्त्यावरही अंग डावीकडे टाकतं हे.
मी ते खेचर पाहिलेलं नाही.
पण माझ्या उजव्या अंगठ्यापेक्षा
डावा अंगठा जाड आहे,
आणि चर्चमधल्या गर्दीतही मी
वळायचं झालं तर डावीकडेच वळतो.

पहिली गाडी सत्त्याऐंशीत.
मोज्यांच्या गिरणीतला बोनस अख्खा
एका कॉम्प्युटरमध्ये गेला.
चार रंग, आवाज डब्यात अडकलेल्या माशीसारखा.
रॉयस म्हणाला, ही गाडी की साबणाची वडी?
रॉयस माझा थोरला भाऊ. तो खरा शर्यतवाला,
दर शनिवारी हॅचर्स क्रीकच्या मातीत
दात काळे करून येणारा.
मी हसलो नाही.
भिंत अंगावर येत होती
आणि मी पाय गच्च दाबला.
खाली ब्रेक नव्हता, आईची चटई होती.

मग यंत्रं बदलत गेली,
गाड्यांना दारं आली, दारांवर जाहिराती,
जाहिरातींवर टायरचे काळे ओरखडे.
स्टिअरिंग मी इस्त्रीच्या टेबलाला आवळलं.
आर्डिथनं लग्नानंतरचे कितीतरी सोमवार
चुरगळलेल्या कपड्यांत काढले.
मी पाचशे फेऱ्या म्हणजे पाचशेच मारतो,
पन्नासवर भागवत नाही.
चार तास. टायर झिजतात, पेट्रोल संपतं,
तीनशेव्या फेरीला मान दुखते.
तिनं हे सगळं बघून घेतलं, आणि एवढंच शिकली:
पिवळा झेंडा लागला की सँडविच द्यायचं.

पुढे तो झेंडा घरभर झाला.
वीजबिलावरून, तिच्या बहिणीवरून,
आम्हाला मूल नाही त्यावरून
आवाज चढायला लागले की ती म्हणायची, "पिवळा."
म्हणजे वेग कमी.
जो जिथे आहे तिथेच,
कोणी कोणाला मागे टाकायचं नाही,
रस्त्यावरचे तुकडे आधी उचलायचे.
कधी उचलायला दोन दिवस लागले.
कधी एक तुकडा राहून गेला
आणि पुढच्या वळणावर पुन्हा टायरात घुसला.

हॅचर्स क्रीक बंद पडून तीस वर्षं झाली.
प्रेक्षकांच्या पायऱ्यांमधून पाइन वर आलेत.
गेल्या वर्षी फिनलंडच्या एका पोरानं,
नाव युहो, वय एकोणीस,
जुन्या फोटोंवरून तो ट्रॅक पडद्यावर उभा केला.
मला विचारलं: काही चुकलंय का?
मी लिहिलं: दुसऱ्या वळणाच्या तोंडाशी एक उंचवटा होता,
तळहाताएवढा, फोटोत दिसायचा नाही.
तिथे माझ्या भावाची गाडी उडाली होती.
दुसऱ्या दिवशी उंचवटा आला.
भल्या पोरा, तू बर्फात बसून
आमच्या मातीला हात लावलास.

रविवारी रॉयसला बोलावलं.
एकोणऐंशी वर्षांचा, गुडघे गेलेले,
ऐकायला येतं ते फक्त इंजिन.
म्हणाला, साबणाची वडी बरीच वाढली की.
इस्त्रीच्या टेबलासमोर बसला,
खुर्ची दोनदा पुढे ओढली.
पहिलं वळण गोगलगायीसारखं.
मग सरळ पट्टा, मग
उंचवटा यायच्या आधीच
त्याचे खांदे वर झाले.
मी पाहिलं. पडद्यावर अजून काहीच नव्हतं.
गाडी उचलली गेली, आदळली, भिंतीला घासली,
आणि सरळ झाली.
तो काही बोलला नाही.
चष्मा काढून शर्टाला पुसला,
शर्ट इस्त्रीचा नव्हताच.
"ते इथेच होतं," इतकंच,
"अगदी इथेच. आणखी एकदा लाव."

मी बटण शोधत होतो तेवढ्यात
स्वयंपाकघरातून आर्डिथ ओरडली, "पिवळा!"
शर्यतीत कुठेही अपघात नव्हता.
तिच्या हातात तीन ताटल्या होत्या.
आम्ही दोघांनी पाय उचलले
चटईवरून.